प्रमाणपत्र देण्याआधी : नोकरीत दिव्यांगत्व कुणाला, किती आणि कसं सांगायचं

बैठक ऑफिसच्या बसमधल्या जागांची होती. अॅडमिनच्या मुलाने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, एक्सेल उघडली आणि भिंतीवर आम्हा साठेक जणांची नावं, थांबे, मोबाइल नंबर झळकले. शेवटच्या रकान्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो एचआरच्या मूळ फाइलमधून तसाच चिकटून आला होता. त्यातल्या दोनच खणांत काहीतरी लिहिलेलं होतं आणि एक खण पिवळा रंगवलेला होता : ‘आर.पी., ४०%, रातांधळेपणा, वाढत जाणारा’. तो माझा. आर.पी. म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोझा, डोळ्याच्या पडद्याचा आजार. गंमत म्हणजे दिवे मालवल्यामुळे मला फक्त पिवळा ठिपका दिसला, अक्षरं नाहीत. शेजारच्या मैत्रिणीने ती कानात वाचून दाखवली.

पुढच्या आठवड्यात दोघांनी चहाच्या वेळी येऊन विचारलं, “अगं, पुढे अजिबातच दिसणार नाही का?” महिनाभरात साहेबांनी शाखांच्या ऑडिटच्या यादीतून माझं नाव काढलं. “तुला उगाच धावपळ नको.” बढतीच्या वेळी या ऑडिटचेच गुण धरले जायचे, हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही. कुणी आवाज चढवला नव्हता, कुणी टोमणा मारला नव्हता. एक फाइल चुकीच्या ठिकाणी उघडली आणि तीस दिवसांत माझं काम बदललं, एवढंच.

तेव्हा मी दोन वेगवेगळ्या तक्रारी करत बसले : माहिती फुटल्याची आयटीकडे आणि काम काढून घेतल्याची एचआरकडे. दोन्ही एकाच दोरीची टोकं आहेत हे फार उशिरा कळलं. सोय हवी तर सांगावं लागतं, आणि सांगितलेलं सांभाळलं गेलं नाही तर त्याचाच भेदभाव होतो. म्हणून आता कुणी अर्ज लिहून मागायला आलं की मी आधी विचारते, “तुला नक्की काय हवंय?” आजाराचं नाव मागाहून, आणि बरेचदा ते लागतच नाही.

आधी कायद्यांची सद्यःस्थिती

इथे घोळ फार होतो, म्हणून थोडं थांबते.

पहिला कायदा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. कामाच्या जागी उपयोगी पडणारा खरा ऐवज मात्र २०१७ च्या केंद्रीय नियमांतल्या नियम ३ मध्ये आहे. तो पुढे येईल.

दुसरा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३, म्हणजे सगळे ज्याला डीपीडीपी म्हणतात तो. राष्ट्रपतींची सही ऑगस्ट २०२३ मध्ये झाली, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि तेही टप्प्याटप्प्याने. डेटा संरक्षण मंडळाबाबतची कलमं लगेच लागू झाली. संमती, सूचना, दुरुस्ती, माहिती पुसून घेण्याचा हक्क, दंड हे सगळं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या तक्रारीत ‘डीपीडीपीचा भंग झाला’ एवढंच लिहिलंत, तर समोरचा वकील पहिल्याच पानावर तुम्हाला बाद करेल.

मग तोवर काय? तोवर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम जिवंत आहेत. त्यात शारीरिक आणि मानसिक आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी आणि इतिहास यांना ‘संवेदनशील’ माहिती म्हटलंय. कंपनीने ती घेताना लेखी किंवा ईमेलने संमती घ्यायची, कशासाठी हवी ते सांगायचं, गरजेपेक्षा जास्त घ्यायची नाही, काम संपल्यावर ठेवायची नाही आणि दुसऱ्याला देण्याआधी परवानगी घ्यायची. पंधरा वर्षांपूर्वीचे, धूळ बसलेले नियम. पण दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ते नव्या कायद्यापेक्षा काही बाबतींत चांगले आहेत, असं माझं मत आहे. नव्या कायद्यात ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्गच नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचं निदान एकाच तागडीत. शिवाय नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट कलम ७ मध्ये ठेवली आहे. ती वाट किती रुंद, हे न्यायालयं ठरवतील.

एक मर्यादा ध्यानात असू द्या. कलम ४३अ कंपनी, भागीदारी, एकल मालकी अशा व्यावसायिक संस्थांना लागू आहे, सरकारी कार्यालयाला नाही. आणि डीपीडीपी डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीपुरताच आहे. शिपायाच्या टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर त्याच्या कक्षेत येत नाही.

पायरी १ : सांगायचं का, ते ठरवा

खासगी नोकरीत अर्ज करताना दिव्यांगत्व उघड करण्याची सरसकट सक्ती दिव्यांग हक्क अधिनियमात नाही. आरक्षित जागेवर अर्ज करत असाल, परीक्षेत लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल, करातली सवलत हवी असेल किंवा कामात सोय हवी असेल, तर अर्थातच सांगावं लागेल. तिथे प्रश्न ‘सांगायचं का’ हा उरत नाही, ‘किती’ हा उरतो.

फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर ‘नाही’ असं खोटं लिहू नका. उद्या सोय मागताना तेच उत्तर तुमच्या तोंडावर फेकतील. जागा मोकळी सोडा किंवा ‘निवडीनंतर आवश्यक ती माहिती देईन’ असं लिहा. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने नोकरी देऊ करण्याआधी आरोग्याचे प्रश्न विचारण्यावरच बहुतांशी बंदी आहे. अमेरिकेत तर नोकरदाराला कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती त्याच्या नेहमीच्या फाइलीपासून वेगळी ठेवावी लागते. लंडन-न्यू जर्सीतल्या नातेवाइकांचे सल्ले ऐकताना हा फरक लक्षात घ्या. आपल्याकडे अशी स्पष्ट बंदी नाही.

आणि ४० टक्क्यांचा बागुलबुवा मनातून काढा. शासकीय नोकरीतलं ४ टक्के आणि उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला आहे, हे खरं. पण भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय यांना ती अट नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या (‘रायटर्स क्रॅम्प’) एका उमेदवाराच्या प्रकरणात, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. “तुमचे तर ३० टक्केच आहेत” असं एचआरने म्हटलं, तर या निकालाचं नाव घ्या.

पायरी २ : कागद तपासा, मग झाका

तुमच्याकडे दोन कागद असतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, मुख्यतः नाव, क्रमांक, दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी असते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर त्याशिवाय निदान, पत्ता, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि दिव्यांगत्व कायमचं की तात्पुरतं हे असतं. एचआरचा मेल येतो, ‘प्लीज शेअर युवर सर्टिफिकेट’, आणि आपण सगळं पाठवून मोकळे. माझ्या पिवळ्या खणातले ‘वाढत जाणारा’ हे शब्द कुठून आले, तर मी सोबत जोडलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून. कुणी मागितली नव्हती. उत्साहाच्या भरात मीच जोडली होती.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी फक्त कार्ड द्या. अजून काही मागितलं तर ‘कोणत्या कामासाठी’ हे मेलवर विचारा. आयकरातल्या दिव्यांग व्यक्तीच्या वजावटीसाठी (जिला ८०यू म्हणून ओळखतात; ती जुन्या करप्रणालीतच मिळते) किंवा व्यवसाय कराच्या सवलतीसाठी पगार विभागाला प्रमाणपत्र लागतं. ते त्यांनाच द्या, संपूर्ण एचआरच्या सामायिक मेलवर नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या याद्या सहसा कुणालाच लागत नाहीत. आधार मागितलं तर शेवटचे चार आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या.

प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा : ‘फक्त वाजवी सोयीच्या अर्जासाठी’, तारीख, सही. झेरॉक्सवर पेनाने, पीडीएफवर मोबाइलमधल्या मार्कअपने. बँकेत आधारच्या प्रतीवर लिहितो तसंच. याने चोरी थांबत नाही. पण तीच प्रत भलत्या ठिकाणी सापडली, तर कुठून सुटली ते तिच्या कपाळावरच लिहिलेलं असतं.

प्रमाणपत्र काढायचं असेल तर केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते. टक्केवारी मान्य नसेल तर दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. खोटं प्रमाणपत्र वापरून लाभ घेतल्यास कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्यांनंतर कार्यालयं पडताळणी करतात. ती त्यांनी जरूर करावी; संपूर्ण यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे पडताळणी नव्हे.

पायरी ३ : अर्ज लिहा, आणि त्यात गरज लिहा

वाजवी सोय म्हणजे तुम्हाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल, जो संस्थेवर अवाजवी बोजा टाकत नाही. ही सोय नाकारणं म्हणजे भेदभावच, असं कायद्याच्या व्याख्येतच म्हटलंय. आणि नियम ३ मध्ये एक वाक्य आहे, ते पाठ करून ठेवावं असं : वाजवी सोयीचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः दिव्यांग व्यक्तीला सोसायला लावता येणार नाही. “सॉफ्टवेअर तुम्ही घ्या, आम्ही इन्स्टॉल करू देतो” हे चालत नाही.

माझा दुसऱ्या नोकरीतला अर्ज इथे जवळजवळ तसाच देते. पहिल्या नोकरीतला दोन पानी होता आणि त्यात माझ्या आजीच्या डोळ्यांचाही उल्लेख होता.

‘विषय : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार वाजवी सोय मिळण्याबाबत.

मी लेखा विभागात काम करते. मला अधिनियमाच्या अनुसूचीतील दृष्टीसंबंधीचे दिव्यांगत्व आहे. काम नीट व्हावे म्हणून पुढील सोयी हव्या आहेत. १) २७ इंची मॉनिटर आणि अक्षरे मोठी करणारे सॉफ्टवेअर. २) मागच्या जिन्यावर व पार्किंगमध्ये पुरेसा उजेड. ३) नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी ८.३० ते सायंकाळी ५.३० अशी वेळ.

यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. तिचा वापर या सोयींसाठी आणि नियम ९ नुसार ठेवायच्या नोंदीसाठीच करावा. ही माहिती संपर्क अधिकाऱ्याखेरीज अन्य कोणास द्यायची झाल्यास आधी माझी लेखी परवानगी घ्यावी. निर्णय १५ दिवसांत ईमेलने कळवावा. सोय नाकारायची असल्यास नियम ३ नुसार कारणे लेखी द्यावीत.’

यात रातांधळेपणा हा शब्द नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही मागणी वाचून कुणाला काय कळायचं ते कळेल, पण कागदावर निदान गेलं नाही. पंधरा दिवस ही मुदत माझी आहे, कायद्यातली नाही. मुदत नसलेला मेल कुणी उघडत नाही, म्हणून. संपर्क अधिकारी हे पद मात्र नियमांत आहे. प्रत्येक संस्थेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं असतं, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असायला हवा. एचआरला हे धोरण मागा. पुष्कळ ठिकाणी ‘कुठलं धोरण?’ असं उत्तर येतं. तेही मेलवर घ्या, पुढे कामाला येतं.

नियम ९ चा उल्लेख का? कारण वीस किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेला दिव्यांग कर्मचाऱ्यांचं नाव, पत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार, कामाचं स्वरूप आणि दिलेल्या सोयी यांची नोंद ठेवावीच लागते. म्हणजे ‘माझी माहिती ठेवूच नका’ असं तुम्हाला म्हणता येत नाही. ती नोंद तेवढ्याच कामाची आहे, हे मात्र ठणकावून म्हणता येतं. बसच्या मुलाला थांबा कळला की पुरे. आगीच्या सरावासाठी सुरक्षारक्षकाला एवढंच लागतं की तिसऱ्या मजल्यावर अमुक जागेवरच्या व्यक्तीला जिन्यापर्यंत सोबत हवी. साहेबांना वेळ कळावी, कारण नाही.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक कवच आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून याच अधिनियमाच्या कलम २० खाली कुणाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. एसटीच्या चालकाची नजर उतरली, तर त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या कामावर घ्यायचं. तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीजच्या जादा पदावर ठेवायचं. ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या, सुटाल’ या गोड सल्ल्यावर सही करण्याआधी हे कलम वाचा.

पायरी ४ : नकार किंवा मौन

नियम ३ मुळे संस्थाप्रमुखापुढे दोनच रस्ते राहतात : तक्रारीवर कारवाई करायची, किंवा हा भेदभाव वैध उद्दिष्टासाठी आहे आणि त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात आहे, हे लेखी पटवून द्यायचं. वीसपेक्षा कमी माणसांच्या खासगी संस्थेला हे बंधन नाही. तिसरा रस्ता, म्हणजे गप्प बसणं, नियमात नाही; व्यवहारात तोच सर्वात जास्त वापरला जातो.

‘प्रमाणात आहे’ म्हणजे काय, ते माझ्याच उदाहरणाने सांगते. रात्री गाडी चालवत शाखांना जायचं काम असतं आणि ते मला दिलं नसतं, तर त्यांची बाजू भक्कम होती. पण माझं काम दिवसा शाखेत बसून वह्या तपासण्याचं होतं. जायचं ते ट्रेनने किंवा कंपनीच्या गाडीने. तिथे यादीतून नावच उडवणं कुठल्या मापाने प्रमाणात? ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे कारण लेखी मागा. तोंडी ते प्रेमळ वाटतं, कागदावर उतरवताना लिहिणाऱ्याचाच हात थबकतो.

सगळं मेलवर करा. तोंडी बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवा : ‘आज आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे…’ आणि प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा, ऑफिसचा आयडी ते एका मिनिटात बंद करू शकतात. मात्र कंपनीच्या इतर फाइली सोबत उचलू नका, त्याने उलट तुमच्यावरच बालंट येईल.

पायरी ५ : आयुक्तांकडे

महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात, गोव्यात राज्य आयुक्तांचं पणजीत. केंद्र सरकारची कार्यालयं, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका यांच्याविरुद्ध नवी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जायचं. वकील सक्तीचा नाही. तक्रारीत तुमचं नाव-पत्ता, समोरच्याचं नाव-पत्ता, घटना तारखेनुसार, जोडलेले कागद आणि नेमकी मागणी लिहा. मागणी लिहायला लोक विसरतात. ‘न्याय मिळावा’ ही मागणी होत नाही. ‘ऑडिटच्या यादीत नाव पुन्हा घालावं आणि मधल्या काळाचे गुण बढतीत विपरीत धरू नयेत’ ही होते.

भेदभावाची तक्रार साठ दिवसांत निकाली काढावी, असं नियम म्हणतो. तारखा त्यापुढे सरकतात, हे गृहीत धरून चला. आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी निघते ती शिफारस. संस्थेने त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं, शिफारस मानायची नसेल तर कारणांसह. म्हणजे हुकूमनामा हातात पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. तरी मी प्रत्येकाला तिथे जायला सांगते, कारण नोटीस गेल्यावर कंपनीचा कायदा विभाग पहिल्यांदा ती फाइल वाचतो. माझ्या ओळखीतली निम्मी प्रकरणं तिथेच मिटली. सरकारी संस्था शिफारशीला दाद देत नसेल तर पुढे उच्च न्यायालय आहे.

जाणूनबुजून कुणी चारचौघांत पाणउतारा केला असेल, तर रस्ता वेगळा. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९२ खाली तो गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. हे कलम रागाच्या भरात लावू नका. ‘अपमान करण्याचा हेतू’ सिद्ध करावा लागतो.

पायरी ६ : माहिती फुटली असेल तर

त्या दिवशी मी काय करायला हवं होतं, तेच लिहिते. भिंतीवरचा फोटो लगेच, घड्याळासह. फाइलचं नाव काय, कुणाच्या मेलमधून आली, बैठकीला कोण होतं हे त्याच दिवशी कागदावर. मग अॅडमिनच्या मुलाशी भांडायचं नाही. त्याच्याकडे ती फाइल यायलाच नको होती, हा खरा मुद्दा.

कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असायला हवा. २०११ च्या नियमांनुसार त्याने एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. त्याला विचारा : माझी कोणती माहिती कुठे साठवली आहे, कुणाला दिली, कुठल्या परवानगीने, आणि ती फाइल आता कुणाकुणाच्या मेलमध्ये आहे. शेवटचा प्रश्न त्यांना सर्वात जड जातो. उत्तर आलं नाही किंवा नुकसान झालं असेल, तर भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, दावा करता येतो. पाच कोटींपर्यंतचे दावे त्यांच्याकडे चालतात. कंपनीने निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं, असे दोन्ही दुवे दाखवावे लागतात. बसची बैठक ते ऑडिटची यादी हे तीस दिवस इथे उपयोगी पडतात, तारखा जपून ठेवल्या असतील तर.

मे २०२७ नंतर मार्ग बदलेल. आधी कंपनीकडे तक्रार, तिला उत्तर द्यायला जास्तीत जास्त नव्वद दिवस, मग डेटा संरक्षण मंडळ. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आकडा ऐकून हुरळू नका, कारण तो पैसा भारताच्या संचित निधीत जातो, तुमच्या खात्यात नाही. आणि भरपाई देणारं कलम ४३अ तेव्हा रद्द होईल. या अदलाबदलीबद्दल फार कुणी बोलत नाही. तुमचं नुकसान आज झालेलं असेल, तर भरपाईचा अर्ज टांगणीला लावू नका.

नव्या कायद्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी मात्र आहेत. माहिती मागताना द्यायची सूचना मराठीत मिळण्याचा पर्याय द्यावा लागेल. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं.

मानसिक आजार असेल तर

इथे दुप्पट सावध राहा. मानसिक आजार २१ प्रकारांत येतो, पण तो सांगितल्यावर लोकांची नजर कशी बदलते हे वेगळं सांगायला नको. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ खाली उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कंपनीने परस्पर डॉक्टरांना फोन करून ‘खरंच आजारी आहे का’ विचारणं त्यात बसत नाही. रजेसाठी ‘वैद्यकीय उपचार सुरू आहेत, अमुक दिवसांची विश्रांती हवी’ एवढंच डॉक्टरांकडून लिहून घ्या. आजारामुळे झालेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई निघाली असेल, तर रवींदर कुमार धारीवाल प्रकरणातला डिसेंबर २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावरची अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, असं त्यात म्हटलंय.

‘पालकाची सही आणा’

डीपीडीपीमध्ये बालकांच्या शेजारी दिव्यांग व्यक्तींना बसवलंय, आणि मला त्याची धास्ती वाटते. कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग व्यक्तीची माहिती घ्यायची तर त्या पालकाची पडताळलेली संमती हवी, असं कलम ९ सांगतं. यावरून उद्या एखादं अॅप ‘दिव्यांग’ या खुणेवर टिचकी मारताच आईचा ओटीपी मागेल. तसं मागितलं तर नियम दाखवा. न्यायालयाने, नियुक्त प्राधिकाऱ्याने किंवा राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक समितीने नेमलेला पालक असेल, तरच ही तरतूद लागते. आणि पुरेसं सहाय्य देऊनही जिला कायदेशीर निर्णय घेता येत नाहीत, प्रामुख्याने अशा व्यक्तीचा त्यात विचार आहे. माझ्यासारखी अल्पदृष्टी असलेली, कर्णबधिर किंवा व्हीलचेअर वापरणारी सज्ञान व्यक्ती स्वतःची संमती स्वतः देते. स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाचे आईवडील असाल तर तो अठराचा होताच तुम्ही आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे वेळेत अर्ज करा.

पगाराचं खातं उघडताना ‘डोळे मिचकावा’ म्हणणारी व्हिडिओ केवायसी अडली, तर ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून प्रकरणातला निकाल बँकेला दाखवा. अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि पर्यायी पद्धती द्यायला सांगितलं.

सरकारी कर्मचाऱ्यांना एक जोडवाक्य : सहकाऱ्याने माहिती अधिकारात तुमचं प्रमाणपत्र मागितलं, तर नोव्हेंबर २०२५ पासून बदललेल्या कलम ८(१)(ञ) मुळे वैयक्तिक माहिती म्हणून ते नाकारता येतं. व्यापक जनहित दाखवलं तर देताही येतं. हा बदल पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना मुळीच आवडलेला नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

पायरी ७ : नोकरी सोडताना

हे कुणीच करत नाही. ना-हरकतीच्या कागदांबरोबर एक मेल पाठवा : माझ्या दिव्यांगत्वाचे कोणते कागद आपल्याकडे आहेत, कायद्याने ठेवणं भाग असलेले कोणते, आणि उरलेले कधी नष्ट कराल. पुढच्या कंपनीच्या पडताळणी एजन्सीला त्यातलं काही द्यायचं नाही, हेही लिहा. अनुभवपत्रात ‘दिव्यांग असूनही उत्तम काम’ असलं काही लिहिलेलं असेल तर ते बदलून घ्या.

मी हा मेल पहिल्या कंपनीला सोडून गेल्यावर दोन वर्षांनी पाठवला. नवव्या दिवशी उत्तर आलं, सोबत एक यादी. तिच्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची ती चिठ्ठी होती, पाच जणांच्या मेलबॉक्समध्ये. त्यातले तिघं कंपनी सोडून गेले होते.